रिकाम्या मुठीतला ब्रश: ताओ विचाराच्या अंगाने चिनी सुलेखन कसं शिकावं

चिनी सुलेखन आणि ध्यान यांची सांगड घालणारे व्हिडिओ हल्ली खूप बघायला मिळतात. धूप जळतो आहे, मागे बासरी वाजते आहे आणि एक हात सावकाश काळी रेघ ओढतो आहे. बघताना छान वाटतं. पण तो हात ब्रश कुठे धरतो, रेघ सुरू करण्याआधी टोक उलट्या दिशेला का जातं, मनगट टेकलेलं आहे की अधांतरी, हे काही कळत नाही. मग आपण ब्रश आणतो, शांत बसतो, रेघ ओढतो, आणि ती वेडीवाकडी येते.

या लेखात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. ताओ ही प्राचीन चिनी विचारपरंपरा, आणि तिच्यातलं रितेपण आणि स्थिरता सुलेखनात हाताने सांभाळावी लागते. ती तळहातात असते, मनगटाखाली असते, अक्षराच्या पोटात असते, दोन फटकाऱ्यांच्या मधे ब्रश हवेत असतो त्या क्षणात असते. या जागा एकेक करून ओळखता येतात आणि त्यांचा सराव करता येतो. मन शांत झालं की अक्षर सुधारेल असं म्हणत बसण्यापेक्षा इथून सुरुवात करावी.

हा संबंध आला कुठून

ताओ विचाराचा आद्य गुरू लाओत्से याच्या नावावर असलेल्या 'ताओ ते चिंग' या ग्रंथाच्या 11व्या प्रकरणात तीन उदाहरणं आहेत. चाकाचे तीस आरे तुंब्यात येऊन मिळतात, पण गाडी चालते ती तुंब्याच्या मधल्या पोकळीमुळे. मातीचं भांडं घडवतात, पण उपयोगी पडतं ते आतलं रिकामेपण. भिंतींना दारं-खिडक्या पाडल्या म्हणून खोलीत राहता येतं. चिनी सुलेखनकाराने कागदाच्या पांढऱ्या भागाकडे याच नजरेने पाहिलं. 18व्या शतकातला सुलेखनकार देंग शिरू आपल्या शिष्याला सांगायचा की अक्षरात जिथे विरळ आहे तिथून घोडा दौडत जावा, जिथे दाट आहे तिथून वाराही जाऊ नये, आणि पांढरं हेही काळ्याइतकंच मोजून लिहावं.

इतिहासातही हे धागे जवळचे आहेत. सुलेखनाचा आदर्श मानला गेलेला वांग शीझी (इ. स. 303 ते 361) ज्या घराण्यातला होता ते ताओ धर्माच्या 'स्वर्गीय गुरू' पंथाचं अनुयायी होतं. जिन राजवंशाच्या इतिहासात त्याची एक गोष्ट आहे. शानयिन गावातल्या एका ताओ साधूकडे सुंदर हंसबदकं होती. वांगला ती हवी होती. साधू म्हणाला, लाओत्सेचं पुस्तक माझ्यासाठी लिहून दे, सगळा थवा घेऊन जा. वांगने आनंदाने लिहून दिलं आणि बदकं पिंजऱ्यात घालून नेली. पुढे ताओ होंगजिंग (456 ते 536) या माओशान पर्वतावरच्या ताओ पंडिताने आपल्या पंथातल्या जुन्या दिव्य ग्रंथांची हस्तलिखितं गोळा केली. त्यातली अस्सल कुठली हे ठरवताना तो हस्ताक्षर पारखत असे. अक्षराची पारख आणि धर्मग्रंथाची पारख एकाच माणसाने, एकाच नजरेने केली, हे मला फार बोलकं वाटतं.

साहित्य: थोडं, पण नीट

चिनी परंपरा चार वस्तू मोजते: ब्रश, शाई, कागद आणि शाई उगाळायचा दगड.

ब्रश घेताना केसांचा प्रकार बघा. बकरीच्या केसांचा ब्रश मऊ असतो, पाणी भरपूर धरतो, पण दाब सोडल्यावर लवकर सरळ होत नाही. नवशिक्याची त्यावर फरफट होते. 'लांडग्याचा केस' या नावाने विकला जातो तो प्रत्यक्षात 'सायबेरियन वीझल' या छोट्या प्राण्याच्या शेपटीचा केस असतो. तो ताठ आणि चपळ असतो. सुरुवातीला या दोहोंच्या मिश्रणाचा ब्रश घ्यावा, केसांचा भाग साधारण 4 सें.मी. लांब आणि 1 सें.मी. जाड. चांगल्या ब्रशचे चार गुण जुन्या काळापासून सांगितले जातात: ओला केल्यावर टोक अणकुचीदार होतं, चपटा केला तर केसांची कड एका रेषेत येते, पोट चहूबाजूंनी गोल असतं, आणि दाबून उचलला की तो पुन्हा सरळ होतो. दुकानात ब्रश डिंकाने ताठ केलेला असल्यामुळे यातलं फारसं तपासता येत नाही, पण घरी आल्यावर जरूर तपासा.

भारतात खरेदी करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. मुंगसाच्या केसांचे ब्रश अजूनही चोरून विकले जातात, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार तो गुन्हा आहे. केस कशाचे आहेत हे दुकानदाराला सांगता येत नसेल तर घेऊ नका. कृत्रिम तंतू मिसळलेले ब्रश आता बरे मिळतात, सरावाला ते पुरतात.

नवा ब्रश साध्या किंवा कोमट पाण्यात केस बुडतील एवढाच धरून बोटांनी हलके चोळत डिंक काढून टाका. उकळतं पाणी वापरू नका, केस दांडीत जिथे चिकटवलेले असतात तो सांधा सुटतो. टोकाचा तेवढाच भाग मोकळा करून बाकीचा ताठ ठेवायची चूक पुष्कळजण करतात. ब्रश मुळापर्यंत मोकळा झाला पाहिजे, नाहीतर पोटात शाई राहत नाही.

कागदाच्या बाबतीत घाई करू नका. आन्हुई प्रांतातल्या जिंगश्येन भागात बनणारा श्वेन कागद जगप्रसिद्ध आहे. चिंगथान नावाच्या झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांच्या लगद्यापासून तो करतात. 2009 मध्ये युनेस्कोने चिनी सुलेखन आणि श्वेन कागद बनवण्याची कला या दोन्हींची नोंद अमूर्त वारशाच्या यादीत केली. पण कच्चा श्वेन कागद शाई झटकन पितो, हात जरा थबकला की काळा डाग पसरतो. पहिले काही महिने बांबूच्या लगद्याचा पिवळसर सरावाचा कागद किंवा कोरा न्यूजप्रिंट चांगला. छपाईचा ए-4 कागद लिहायला नको, पण त्याचा एक उपयोग आहे: त्यावर 7 सें.मी.चे 12 चौकोन जाड मार्करने आखा, प्रत्येक चौकोनात मधोमध उभी-आडवी रेघ आणि दोन कर्ण काढा. हा कागद पातळ सरावाच्या कागदाखाली सरकवला की चौकटी वर दिसतात आणि पुन्हापुन्हा वापरता येतात. कागदाखाली मऊ काहीतरी हवं, म्हणजे शाई टेबलाला चिकटत नाही. फेल्ट मिळाला तर उत्तम, नाहीतर जुन्या लोकरी शालीचा तुकडा चालतो.

शाई बाटलीतली चालते. बीजिंगची यीदेगे ही कंपनी 1865 पासून हा धंदा करते आहे, तेव्हा बाटलीला कमी लेखायचं कारण नाही. तरी एक दगड आणि एक कांडी घ्याच, आणि आठवड्यातून एकदा तरी शाई हाताने उगाळा. त्याचं कारण पुढे येतं.

उगाळणं हीच बैठक

दगडाच्या सपाट भागावर चमचाभर स्वच्छ गार पाणी घ्या. कांडी उभी धरा, तिरकी नको. न दाबता सावकाश गोल फिरवत राहा. देवघरात सहाणेवर चंदन उगाळलेलं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हात किती हलका हवा हे सांगावं लागणार नाही. चिनी सुलेखनकारांत एक जुनी म्हण आहे: शाई उगाळावी आजाऱ्यासारखी, ब्रश धरावा पहिलवानासारखा. दाबून, भराभर उगाळलं तर जाड कण सुटतात, फेस येतो आणि शाई खरखरीत होते. दहा-पंधरा मिनिटांनी कांडी फिरते त्या वाटेवर दगड क्षणभर उघडा दिसायला लागेल आणि मग शाई सावकाश मिटून येईल. झालं, शाई तयार आहे.

या दहा-पंधरा मिनिटांत वेगळं ध्यान करायची गरज नाही. 'ताओ ते चिंग'चं 15वं प्रकरण विचारतं की गढूळ पाणी स्थिर ठेवून हळूहळू निवळू देणं कुणाला जमतं? घाई करणारा हात दगडावर लगेच उघडा पडतो, म्हणून इथे स्थिरतेची परीक्षा आपोआप होते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. खांदे कानांकडे चढले आहेत का ते मधूनमधून बघा. तांग काळातला यू शिनान (558 ते 638) याच्या नावावरचा सल्ला असा आहे की लिहायला बसताना नजर आणि कान आत वळवावेत, विचार थांबवावेत, चित्त एकवटावं. मन सरळ आणि श्वास सम झाला की मग लिहावं. हे ऐकायला मोठं वाटतं. करायचं एवढंच: कांडी बाजूला ठेवली की लगेच ब्रश उचलू नका. ज्याची नक्कल करायची ते अक्षर समोर ठेवून मिनिटभर नुसतं बघा.

बसण्याबद्दल थोडं. दोन्ही पावलं जमिनीवर, पाठ सरळ, छाती आणि टेबल यांच्यात मुठीएवढं अंतर. कागद तिरका ठेवू नका. आपल्याला वहीत तिरकं लिहायची सवय असते, पण चिनी अक्षर चौकोनात सरळ उभं राहतं, आणि कागद तिरका झाला की त्याचा तोल कळेनासा होतो. लिहिताना श्वास रोखू नका. लांब रेघेला श्वास सोडत जाणं सोपं जातं.

पकड: पोकळी इथे सुरू होते

ब्रश उभा धरायचा, कागदाला काटकोनात. अंगठा आणि तर्जनी दोन्ही बाजूंनी, मधलं बोट बाहेरून आत ओढणारं, अनामिका आतून बाहेर ढकलणारी, करंगळी अनामिकेला आधार देणारी. पाचही बोटं कामाला लागलेली, पण तळहात मोकळा. जुने शिक्षक म्हणत, आत एक अंडं मावलं पाहिजे. बोटं तळव्याला चिकटली की मनगट गोठतं आणि मग सगळी हालचाल बोटांच्या टोकांतून व्हायला लागते. रेघ तेवढ्यापुरती नेमकी वाटते, पण तिच्यात जीव राहत नाही.

वांग शीझीचा मुलगा लहानपणी लिहीत असताना बापाने मागून येऊन ब्रश उपटायचा प्रयत्न केला आणि तो निघाला नाही, अशी गोष्ट प्रसिद्ध आहे. ती वाचून लोक ब्रश करकचून आवळतात. सोंग काळातला कवी आणि सुलेखनकार सु शी (1037 ते 1101) याने त्यावर फार शहाणपणाचं लिहिलं आहे: ब्रश धरायची पक्की अशी पद्धत नाही, फक्त हात रिकामा आणि सैल राहिला पाहिजे. मी नवशिक्यांना पाच बोटांची पकड शिकून घ्या असंच सांगेन, कारण आधी काहीतरी ठरलेलं हवं. पण अडचण आली की निकाल सु शीच्या बाजूने द्यावा. पोकळी टिकते आहे का? मग पकड बरोबर आहे.

मराठी माणसाची इथे एक खास अडचण होते. बोरूने किंवा कापलेल्या निबने देवनागरी गिरवलेला हात जाड-बारीक रेघ कोनातून काढतो: लेखणी एका कोनात धरली की दिशा बदलताच जाडी बदलते. चिनी ब्रशला कोन नाही. तिथे जाडी दाबातून येते, म्हणजे ब्रश वर-खाली होण्यातून. हाताला ही तिसरी दिशा नवी असते. दुसरी गोष्ट, आपली अक्षरं शिरोरेघेला लटकतात, चिनी अक्षर मध्यबिंदूभोवती तोल सांभाळतं. देवनागरीचा चांगला हात असलेले लोक सुरुवातीला चिनी अक्षराचं वजन नकळत वर नेऊन ठेवतात. चौकोनातली मधली आडवी रेघ त्यासाठीच आखली आहे.

मनगटाच्या तीन अवस्था आहेत: टेकलेलं, फक्त कोपर टेकलेलं, आणि पूर्ण अधांतरी. 7 सें.मी.च्या अक्षराला दुसरी पुरते. पण रोज पाच मिनिटं उभं राहून, काही न टेकता मोठ्या रेघा ओढा. हात थरथरेल, थरथरू द्या. खांद्यातून हालचाल कशी येते ते तिथेच समजतं.

एक आडवी रेघ

चिनीत 'एक' हे अक्षर म्हणजे एक आडवी रेघ. पहिले काही आठवडे हेच लिहायचं. रेघ सावकाश बघू.

ब्रशचं टोक कागदाला टेकतं ते उजवीकडे जाण्यासाठी, पण पहिली हालचाल डावीकडे होते, तांदळाच्या दाण्याएवढी. मग दाबायचं, केस किंचित पसरतात. ब्रश जागच्या जागी उजवीकडे वळतो, त्यामुळे टोक रेघेच्या पोटात लपतं. इथे क्षणभर थांबा. मग थोडा उचलून उजवीकडे चला, मधे दाब हलका. टोक रेघेच्या मधोमध चाललं पाहिजे, कडेने नाही. शेवटाकडे आल्यावर ब्रश किंचित वर, मग उजवीकडे खाली दाब, आणि पुन्हा डावीकडे आत वळून उचला. रेघ जिथे संपली तिथून टोक मागे फिरलेलं असतं.

उजवीकडे जायचं तर आधी डावीकडे, संपवायचं तर आत परत. 'ताओ ते चिंग'च्या 40व्या प्रकरणात म्हटलं आहे की उलट फिरणं हीच ताओची गती. ब्रश हातात घेतल्याशिवाय हे वाक्य मला कधी नीट कळलं नव्हतं. उलट जाण्यामुळे केस एकत्र येतात, त्यांना ताण मिळतो आणि पुढची रेघ त्या ताणावर चालते. थेट उजवीकडे खेचलेल्या रेघेत केस एका बाजूला घसरतात आणि वरची कड साफ, खालची फाटलेली अशी दिसते.

तपासायची एक युक्ती: कागद उलटा करा. टोक मधोमध चाललं असेल तर मागून रेघेच्या मध्यावर शाई जास्त झिरपलेली दिसते. दोन्ही टोकांना हाडासारख्या गाठी आणि मधे कंबर मोडलेली असेल तर सुरुवातीला-शेवटी दाब फार आणि मधे घाई झाली असं समजा. रेघ डावीकडून उजवीकडे किंचित वर चढते. पट्टीने मारल्यासारखी सपाट रेघ मेलेली दिसते.

मग हीच रेघ उभी. मग ठिपका, जो दिसतो एवढासा पण त्यातही आत शिरणं, दाबणं, परत फिरणं हे सगळं असतं. पुढे डावीकडे पडणारा फटकारा, उजवीकडे पडणारा, आकडा (हुकासारखं वळण). 'योंग' या एका अक्षरात आठ मूलभूत फटकारे येतात म्हणून परंपरेने ते सरावाला धरलं आहे. ते कुठल्याही सरावाच्या पुस्तकात पहिल्या पानांवर सापडेल, म्हणून इथे त्यावर थांबत नाही.

पांढरं लिहायचं कसं

आता 'तीन' हे अक्षर घ्या: तीन आडव्या रेघा, मधली सगळ्यांत आखूड, खालची सगळ्यांत लांब. बहुतेक लोक तीन रेघा लिहितात. तुम्ही दोन पांढऱ्या पट्ट्या लिहा. म्हणजे नजर काळ्या रेघेवर न ठेवता वरच्या रेघेच्या खालच्या जागेवर ठेवायची आणि पुढची रेघ त्या जागेची तळाची कड म्हणून ओढायची. पहिल्यांदा विचित्र वाटतं. काही दिवसांनी अंतरं आपोआप सारखी यायला लागतात, कारण तुम्ही आता अंतरच लिहिता आहात.

पुढचा सराव मला सगळ्यांत आवडतो: 'वू' हे अक्षर, त्याच्या पारंपरिक रूपात. अर्थ 'नसणं', ताओ विचारातला मधला शब्द. याला 12 फटकारे आहेत आणि ते चांगलंच दाट आहे. वर डावीकडे झुकलेला छोटा फटकारा, मग तीन आडव्या रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या चार उभ्या, खाली चार ठिपके. तीन आडव्या आणि चार उभ्यांमधे सहा बंद पांढऱ्या खोल्या तयार होतात, वरच्या रांगेत तीन, खालच्या रांगेत तीन.

क्रम असा: झुकलेला फटकारा, पहिली आखूड आडवी रेघ, दुसरी आडवी, मग डावीकडून उजवीकडे चार उभ्या, मग तळाची लांब आडवी, शेवटी ठिपके. उभ्या रेघा लिहिताना लक्ष त्या तीन अंतरांवर. खोल्या सारख्या वाटल्या पाहिजेत, पण छापाच्या साच्यासारख्या तंतोतंत नकोत. बाहेरच्या उभ्या रेघा किंचित कलतात, त्यामुळे कडेच्या खोल्यांचा आकार मधल्यापेक्षा वेगळा होतो आणि अक्षर श्वास घेतं. शाई जास्त असेल तर खोल्या बुजतात. म्हणून या अक्षराआधी ब्रश दगडाच्या काठावर फिरवून जादा शाई काढा. चार ठिपक्यांत पहिला डावीकडे खाली झुकतो, बाकीचे उजवीकडे, आणि शेवटचा सगळ्यांत वजनदार. एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जाताना ब्रश हवेत एक लहान कमान काढतो. ती कमान कागदावर दिसत नाही, पण ती काढली नाही तर चार ठिपके एकमेकांशी अनोळखी दिसतात. लिहून झाल्यावर पेन्सिलीने फक्त त्या सहा पांढऱ्या खोल्या वेगळ्या कागदावर काढून बघा. मूळ नमुन्यातल्याही काढा. शेजारी ठेवलं की चूक कुठे आहे ते लगेच कळतं.

याच्या उलट टोकाला 'शिन' म्हणजे मन. चार फटकारे: डावीकडे एक ठिपका, मधे आडवा पडलेला आकडा, त्याच्या वर एक ठिपका आणि उजवीकडे एक. सुबक लिपीत, म्हणजे आपण इथे शिकतो आहोत त्या सुट्या फटकाऱ्यांच्या लिपीत, यातला एकही दुसऱ्याला टेकत नाही. अक्षर जवळजवळ सगळं मोकळं आहे, आणि म्हणूनच फार अवघड. ठिपका केसभर सरकला तरी अक्षर विस्कटतं. 'वू' दहा वेळा आणि 'शिन' वीस वेळा, हे प्रमाण मला योग्य वाटतं.

नमुना कुणाचा घ्यावा

स्वतःच्या मनाने लिहिणं लांब ठेवा. चिनी सुलेखन नकलेतून शिकतात: आधी नमुना वाचायचा, मग वर पातळ कागद ठेवून गिरवायचा, मग शेजारी ठेवून बघत लिहायचा, मग मिटून आठवणीने लिहायचा आणि उघडून ताडून बघायचा. शेवटची पायरी बहुतेकजण टाळतात. तीच सगळ्यांत जास्त शिकवते.

पुष्कळ वर्गांत ओयांग श्युनच्या 632 सालच्या च्योचेंग राजवाड्याच्या शिलालेखापासून सुरुवात करतात. तो अप्रतिम आहे, पण त्याची अक्षरं आतून घट्ट आवळलेली आहेत, मिलिमीटरची चूक खपत नाही. रितेपण हाच अभ्यासाचा विषय असेल तर मी यान चेनछिंग (709 ते 785) सुचवेन. त्याची अक्षरं आतून ऐसपैस असतात. बाहेरच्या रेघा किंचित बाहेर फुगतात आणि मधे जागा राहते. त्याचा 771 सालचा, मागू या ताओ अमर स्त्रीच्या वेदीचा लेख इथे नेमका बसतो. विषय ताओ, अक्षर मोकळं, फटकारे साधे. याच्या मोठ्या, मध्यम आणि छोट्या अक्षरांच्या प्रती मिळतात. मोठ्या अक्षरांचीच घ्या.

ही पुस्तकं शिलालेखाच्या ठशांवरून छापलेली असतात, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं. डोळ्यांना सवय नसल्याने पांढरी रेघ खरी असते त्यापेक्षा जाड वाटते आणि आपण जाड लिहायला लागतो. फोनवर फोटो काढून रंग उलटे करून एकदा बघून घ्या, मग पुस्तकाकडे परत या.

पाण्याने लिहिणं

चीनमधल्या बागांमधे सकाळी म्हातारी माणसं लांब दांड्याच्या स्पंजच्या ब्रशने फरशीवर पाण्याने मोठाली अक्षरं लिहिताना दिसतात. दोन-चार मिनिटांत अक्षर वाळून जातं आणि ते पुढच्या फरशीवर सरकतात. आपल्याकडे ज्यांच्या अंगणात किंवा गच्चीत शहाबादी फरशी आहे त्यांना हा सराव फुकट मिळतो. ओली शहाबादी छान गडद होते आणि सावकाश उजळते. शाळेची दगडी पाटीही चालते.

याचा फायदा फक्त कागद वाचण्यात नाही. च्वांगत्से या प्राचीन ताओ विचारवंताच्या ग्रंथात छिंग नावाचा सुतार घंटेची चौकट इतकी सुंदर करतो की लोक थक्क होतात. तो सांगतो की काम सुरू करण्याआधी मी उपास करून मन स्थिर करतो. तीन दिवसांनी बक्षिसाचा विचार जातो, पाच दिवसांनी निंदा-स्तुतीचा, सात दिवसांनी आपल्याला हातपाय आहेत हेही विसरायला होतं. पाण्याचं अक्षर कुणाला दाखवता येत नाही, जपून ठेवता येत नाही. चांगलं आलं तरी जातं, वाईट आलं तरी जातं. निंदा-स्तुती सुटायला याहून सोपा मार्ग मला ठाऊक नाही. शाईच्या सरावाआधी पाच-सात मिनिटं पाण्याची ठेवा. आणि सराव चालू असताना फोटो काढू नका.

कधी लिहू नये

सुन ग्वोथिंगने 687 साली लिहिलेल्या सुलेखनावरच्या ग्रंथात लिहायला अनुकूल आणि प्रतिकूल अशा पाच-पाच गोष्टी दिल्या आहेत. अनुकूल गोष्टींत प्रसन्न मन आणि मोकळा वेळ, सौम्य हवा, एकमेकांना साजेसे कागद-शाई, आणि लिहायची अचानक आलेली इच्छा. प्रतिकूल गोष्टींत घाईचं मन आणि जड शरीर, कोरडा वारा आणि तळपतं ऊन, न जुळणारे कागद-शाई, थकलेला हात. हवेचा उल्लेख दोन्हीकडे आहे आणि तो अगदी व्यावहारिक आहे. विदर्भातल्या मे महिन्यात शाई ब्रशवरच घट्ट होते. शाईत दोन-चार थेंब पाणी घाला आणि पहाटे लिहा. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात कागद हवेतला ओलावा धरतो आणि शाई पसरते. कागद हवाबंद पिशवीत ठेवा, ब्रशवर शाई कमी घ्या.

थकल्यावर ओढूनताणून पान पूर्ण करू नका. अर्ध्या तासात दोन अक्षरं नीट बघून लिहिली तर पुष्कळ झालं. सराव करताना सगळं पान एकाच अक्षराने भरायची आपल्याला शाळेपासून सवय असते, आणि पाचव्या चौकोनानंतर आपण नमुना बघणं सोडून आपल्याच आधीच्या अक्षराची नक्कल करायला लागतो. म्हणून दर तिसऱ्या अक्षरानंतर ब्रश खाली ठेवा आणि नमुन्याकडे बघा.

धुणं

शाईत काजळी बांधून ठेवणारा प्राणिज सरस असतो. तो ब्रशच्या मुळाशी वाळला की केस फाकतात आणि टोक पुन्हा जुळत नाही. लिहून झाल्याबरोबर गार पाण्यात ब्रश धुवा, पाणी स्वच्छ होईपर्यंत. साबण नको. टोक बोटांनी जुळवून ब्रश टोक खाली करून टांगा. दगडही धुवा, कारण कालची शाई रात्रीत आंबते, वास येतो आणि रंग मळकट होतो. कांडी दगडावर उभी विसरू नका, ती चिकटून बसते आणि काढताना दगडाचा टवका निघतो. ती पुसून सावलीत वाळवा, उन्हात तिला तडे जातात.

पुढे काय

मागूच्या लेखातली शंभरएक अक्षरं आठवणीने बरी यायला लागली की धावत्या लिपीकडे, म्हणजे फटकारे एकमेकांना जोडत भरभर लिहायच्या लिपीकडे, जायचा मोह होईल. थोडं थांबा आणि त्याआधी यांगत्सेच्या काठी जेनज्यांगजवळच्या ज्याओशान बेटावरचा 'करकोचा पुरल्याचा लेख' बघा. तो ताओ होंगजिंगचा असल्याचं बरेच अभ्यासक मानतात. मेलेल्या पाळीव करकोच्यासाठी कड्यावर कोरलेला हा लेख कडा कोसळून नदीत पडला, नंतर त्याचे तुकडे पाण्यातून काढले गेले. अक्षरांच्या कडा पाण्याने झिजल्या आहेत, बरीच अक्षरं अर्धीच उरली आहेत. ओळी सरळ नाहीत, अक्षरांचे आकार लहान-मोठे आहेत, तरी सगळं मिळून विलक्षण निवांत वाटतं. सोंग काळातला सुलेखनकार ह्वांग थिंगज्येन मोठ्या अक्षरांत यापुढे काही नाही असं मानायचा.

याची नक्कल 10 सें.मी.च्या चौकोनात, कच्च्या श्वेन कागदावर, बकरीच्या मऊ ब्रशने करा. आता तो ब्रश तुम्हाला झेपेल. झिजलेल्या, तुटक कडांची नक्कल मात्र करू नका. हाताने कडा थरथरवून जुनेपणा आणता येतो, पण ते खोटं दिसतं. ब्रश कुठून आत शिरला, कुठे उचलला गेला आणि मधली जागा किती सोडली एवढंच शोधा. या पायरीला साधारण वर्षभर जाईल, आणि जमलं तर इथे एखाद्या शिक्षकाला काम दाखवा. महिन्यातून एक पान मागे तारीख घालून ठेवत गेलात तर दाखवायला काहीतरी हाताशी असेल.

त्यानंतर धावती लिपी घ्या, आणि ती वांग शीझीच्या पत्रांपासून. त्याची 'लानथिंग'ची प्रस्तावना सुलेखन शिकणाऱ्या सगळ्यांना माहीत असते, 353 सालच्या त्या लेखात 'झी' हे अक्षर वीसेक वेळा येतं आणि प्रत्येक वेळी वेगळं येतं. पण पत्रं छोटी आहेत, चार-पाच ओळींची, आणि एका बैठकीत एक पत्र डोळ्यांखालून सावकाश घालता येतं.